चेहऱ्याच्या झटक्यांसाठी एमव्हीडी शस्त्रक्रिया : रक्तस्राव टाळायचा कसा, ओळखायचा कसा

शस्त्रक्रिया करावी की बोटॉक्सची इंजेक्शनं चालू ठेवावीत, हा विषय इथे नाही. निर्णय झाला आहे, तारीख मिळाली आहे, अशा रुग्णासाठी आणि त्याहून जास्त त्याच्यासोबत दवाखान्यात राहणाऱ्या माणसासाठी हे लिहिलं आहे. हेमिफेशियल स्पाझममध्ये चेहऱ्याची एक बाजू आपोआप उडत राहते. बहुतेकांना हे खालच्या पापणीपासून सुरू होतं आणि पुढे गाल, ओठाचा कोपरा, मानेपर्यंत जातं. मेंदूच्या देठापाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकलेली असते. एमव्हीडी, म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशनमध्ये, कानामागच्या हाडात दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा करून ती वाहिनी बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा छोटा कापसासारखा तुकडा ठेवतात.

अनुभवी हातांत यानंतर मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचं प्रमाण फार कमी असतं, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. पण जागा अडचणीची आहे. कवटीच्या मागच्या खालच्या कप्प्यात लहान मेंदू, त्याच्यापुढे श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा देठ, आणि मेंदूतलं पाणी वाहून नेणारी अरुंद वाट, असं सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. वरच्या भागात जेवढं रक्त साचलं तरी माणूस बोलत राहू शकतो, तेवढंच इथे साचलं तर पाण्याची वाट बंद होते, देठावर दाब येतो आणि काही तासांत श्वास थांबू शकतो.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात: रक्त पातळ करणारी गोळी सांगायची राहते, पहिल्या रात्रीची ग्लानी विश्रांती समजली जाते, आणि घरी गेल्यावर डोकेदुखीला जवळच्या दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन टोचून घेतलं जातं.

## टप्पा १ : तारीख घेण्याआधी दवाखान्याला विचारायचे प्रश्न

सर्जनचा अनुभव सगळे विचारतात. रात्रीची व्यवस्था फारसं कोणी विचारत नाही. खालचे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- रात्री दोन वाजता सीटी स्कॅन याच इमारतीत होतो का, की ॲम्ब्युलन्सने दुसरीकडे न्यावं लागतं?
- रात्री न्यूरोसर्जन किती वेळात पोहोचतात? ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध असतात का?
- पहिली रात्र आयसीयूत ठेवणार का? शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या किती वेळाने तपासणार?
- रक्तपेढी आवारात आहे का?

सीटीसाठी रुग्णाला दुसऱ्या इमारतीत न्यावं लागत असेल, तर निदान तो वेळ आधीच मोजून ठेवा. प्रश्न विचारल्यावर चिडणारं ठिकाण आणि शांतपणे उत्तर देणारं ठिकाण यांत निवड करायची असेल, तर माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

## टप्पा २ : गोळ्यांची यादी, आणि ती पाकिटावरून

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

डॉक्टर विचारतात, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ रुग्ण म्हणतो, ‘नाही हो, फक्त बीपीची आणि कोलेस्टेरॉलची.’ ती कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे इकोस्प्रिन एव्ही असते. त्यात कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत ॲस्पिरिन असतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही. रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याला गोळी ज्या कारणासाठी मिळाली, त्याच नावाने तो ती ओळखतो.

म्हणून तोंडी सांगू नका. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच टेबलावर ठेवा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. तिथे खालीलपैकी काही दिसलं तर त्याभोवती पेनाने खूण करा:

- ॲस्पिरिन (इकोस्प्रिन, डिस्प्रिन), क्लोपिडोग्रेल (डेप्लॅट, क्लोपिलेट), टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल
- वॉरफेरिन, ॲसेनोकुमारोल (एसिट्रोम)
- रिव्हॅरोक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन
- वेदनाशामक : आयबुप्रोफेन (कॉम्बिफ्लॅममध्ये असतं), डायक्लोफिनॅक (व्होवेरान), नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक
- व्हॅल्प्रोएट (फिट्सचं औषध), कारण त्याने काहींच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी होतात
- लसणाच्या, हळदीच्या, जिंको बिलोबाच्या, माशाच्या तेलाच्या किंवा व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल, तसंच काढे, चूर्णं, गुडघेदुखीची ‘आयुर्वेदिक’ पुडी

शेवटच्या ओळीतल्या सगळ्यांचा धोका सारख्या खात्रीने सिद्ध झालेला नाही. तरीही सांगा. आमटीतल्या लसणीने काही होत नाही, कॅप्सूलमधल्या अर्काची गोष्ट वेगळी. बिननावाच्या पुडीत काय काय कुटलेलं आहे हे तर देणाऱ्यालाच माहीत.

वेदनाशामकांची ओळ विशेष महत्त्वाची. गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली गोळी ‘औषध’ म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

तपासा : झोपेसाठी किंवा चेहरा उडतो म्हणून क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम चालू आहे का? याने रक्तस्राव होत नाही, पण पुढे टप्पा ५ मध्ये हीच गोळी घात करते. यादीत लिहा.

## टप्पा ३ : कोणती गोळी कधी थांबते, आणि कोण थांबवतं

साधारण हिशेब असा असतो. ॲस्पिरिन सात ते दहा दिवस आधी. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस. टिकाग्रेलॉर तीन ते पाच दिवस. वॉरफेरिन सुमारे पाच दिवस आणि शस्त्रक्रियेच्या आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघून. एसिट्रोम वॉरफेरिनपेक्षा लवकर उतरतं. रिव्हॅरोक्सॅबॅन गटातली औषधं दोन-तीन दिवस, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डॅबिगॅट्रॅन त्याहूनही आधी.

ॲस्पिरिनला एवढे दिवस का? ते प्लेटलेटला कायमचं निकामी करतं, आणि शरीराला नव्या प्लेटलेट्सची फळी उभी करायला आठवडाभर लागतो. ‘परवाच बंद केली’ याचा उपयोग होत नाही तो म्हणूनच.

हे आकडे तुम्ही स्वतः गोळी थांबवावी म्हणून दिलेले नाहीत. तुम्हाला मिळालेल्या सूचनेत काही सुटलंय का, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून दिले आहेत.

इशारा : हृदयात स्टेंट आहे, झडप बदललेली आहे, किंवा ठोके अनियमित आहेत, अशांनी कार्डिओलॉजिस्टच्या लेखी सल्ल्याशिवाय एकही डोस चुकवू नये. स्टेंट ताजा असेल तर अशी शस्त्रक्रिया काही महिने पुढे ढकलणं हाच शहाणपणा. दोन डॉक्टरांचे निरोप तुम्ही तोंडी पोहोचवू नका. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्या.

आता नेहमीची चूक. भरतीच्या आदल्या दिवशी लक्षात येतं की इकोस्प्रिन तीन दिवसांपूर्वीपर्यंत चालू होती. रजा मंजूर आहे, डिपॉझिट भरलंय, मुलगी पुण्याहून आली आहे. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘आता सांगून तारीख कशाला घालवायची? रक्ताच्या तपासण्या तर नॉर्मल आल्यात.’

तपासण्या नॉर्मल येणारच. ॲस्पिरिनचा परिणाम पीटी-आयएनआरमध्ये दिसत नाही आणि प्लेटलेटच्या आकड्यातही दिसत नाही. प्लेटलेट्स मोजायला पूर्ण भरतात, फक्त काम करत नाहीत. चेहऱ्याच्या झटक्यांनी जीव जात नाही. ही शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे गेली तर त्रास वाढतो, धोका वाढत नाही. सांगा आणि तारीख बदलून घ्या.

## टप्पा ४ : भरती होण्यापूर्वीचे पंधरा दिवस

बीपीची वही. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, बीपी मोजून तारखेसह लिहा. ऑपरेशननंतर ताज्या जागेतून रक्त येण्यामागे अनियंत्रित बीपी हे मोठं कारण असतं. भीतीपोटी ‘सगळ्याच गोळ्या बंद’ करणारे रुग्ण बीपीची गोळीही सोडतात आणि वरचा आकडा १८० घेऊन भरती होतात. बीपीची गोळी चालू ठेवायची. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कोणती घ्यायची आणि कोणती नाही, ते भूलतज्ज्ञ सांगतील, कारण काही गोळ्या त्या दिवशी मुद्दाम टाळतात.

रक्त थांबत नाही, असं कधी झालंय का? दाढ काढल्यावर दिवसभर रक्त येत राहिलं, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं, पाळीत खूप अंगावर जातं, विनाकारण निळे डाग पडतात, मामाला किंवा भावाला असा त्रास आहे. साध्या तपासण्यांत न सापडणारे काही दोष अशा आठवणींतूनच कळतात. दारू रोज होत असेल तर तेही सांगा. यकृत बिघडलं की रक्त गोठणं बिघडतं, आणि प्यायचा माणूस ही गोष्ट बायकोसमोर सांगत नाही. त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

ताप. पावसाळ्यात किंवा त्यानंतर तारीख असेल तर लक्ष ठेवा. डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स उतरतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्या साधारण एक लाखाच्या वर लागतात. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर तो बरा झाला असला तरी सांगायचा आणि रक्त पुन्हा तपासून घ्यायचं.

खोकला आणि बद्धकोष्ठता आधीच आटोक्यात आणा. दोन्हींमुळे नंतर डोक्यात दाब वाढतो.

तपासा, भरतीच्या दिवशी : गोळ्यांची पिशवी, बीपीची वही, एमआरआयची फिल्म किंवा सीडी, कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी, रक्तगटाचा रिपोर्ट. शिवाय घरात एक गोष्ट ठरलेली हवी: रात्री-अपरात्री पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर सही कोण करणार, आणि तो माणूस दवाखान्यापासून किती दूर असेल.

## टप्पा ५ : पहिले चोवीस तास

ऑपरेशन संपल्यावर रुग्ण शुद्धीवर येतो, नाव सांगतो, हातपाय हलवतो. सर्जन बाहेर येऊन ‘चांगलं झालं’ म्हणतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि बहुतेक जण कॅन्टीनकडे वळतात. रक्तस्राव व्हायचा असेल तर त्यातला बराचसा याच काळात होतो. पहिले सहा तास सगळ्यात नाजूक, पण पहिला दिवस उलटेपर्यंत सावध राहायचं.

काय नेहमीचं आहे आणि काय नाही, हे वेगळं करणं सोपं नसतं. टाक्यांपाशी दुखणं, मळमळ, एक-दोन उलट्या, गरगरणं, मान आखडणं, कान दडा बसल्यासारखा वाटणं हे पुष्कळांना होतं. रक्तस्रावातही डोकं दुखतं आणि उलट्या होतात. फरक दिशेत असतो. नेहमीचा त्रास औषधाने थोडा का होईना उतरतो. रक्तस्रावाचा त्रास चढत जातो आणि त्याच्यासोबत माणूस मंद होत जातो.

आयसीयूत दर तासाला सिस्टर हे बघतात. तुम्हाला आत सोडलं, किंवा रुग्ण वॉर्डात आला, तर या गोष्टी तुम्हीही करा:

1. हाक मारा. डोळे आपणहून उघडतात की हलवल्यावर?
2. नाव, जागा आणि वार विचारा. तासापूर्वी चटकन सांगितलं आणि आता चाचपडतोय का?
3. दोन्ही हात वर उचलायला सांगा. एक खाली येतो का?
4. तुमच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगा. ऑपरेशनच्या बाजूचा हात आधी नेम धरत होता आणि आता चुकतोय का? लहान मेंदूवर दाब आला की हे लवकर दिसतं.
5. बोलणं जड किंवा अडखळतं झालंय का? एकाच्या दोन वस्तू दिसतात का?

प्रत्येक वेळी घड्याळ बघून कागदावर एक ओळ: ‘रात्री ११.१०, हाकेला डोळे उघडले, वार बरोबर सांगितला.’ पाळी बदलली की नव्या सिस्टरना तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

इशारा : ‘दमलाय, झोपू दे’ हे वाक्य पहिल्या रात्री वापरायचं नाही. झोपलेला माणूस हाकेला जागा होतो, कुरकुरतो, उत्तर देतो आणि पुन्हा झोपतो. ग्लानीतला माणूस हुं म्हणतो आणि उत्तर अर्धवट सोडतो. शंका असली तर उठवा. रुग्ण वैतागला तर उत्तम, वैतागायला शुद्ध लागते.

टप्पा २ मधली झोपेची गोळी इथे आड येते. घरी रोज घेतात म्हणून सोबतची व्यक्ती पिशवीतून काढून रात्री देते. मग ग्लानी गोळीची की रक्तस्रावाची, हे कोणालाच सांगता येत नाही. ती गोळी एकदम बंद करणंही बरोबर नाही. कधी आणि किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या पिशवीतून पहिल्या दिवसांत एकही गोळी द्यायची नाही.

बीपी वाढवणाऱ्या साध्या गोष्टी असतात: दुखणं, तुंबलेली लघवी, थंडीने भरलेली हुडहुडी, सततची उबळ. ‘सहन करतोय’ याचं कौतुक नको, सिस्टरना सांगा. उशाचा भाग साधारण तीस अंश उंच ठेवतात. तो खाली करू नका आणि जास्तीची उशी खुपसून मान वाकवू नका.

लगेच डॉक्टर बोलवा : हाकेला प्रतिसाद कमी होणं, थांबत नसलेल्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी दिसणं, श्वास अनियमित होणं, बीपी चढत असताना नाडी मंदावणं. शेवटची जोडी मॉनिटरवर दिसते आणि ती उशिराची खूण आहे. तिची वाट बघायची नसते.

## टप्पा ६ : शंका आली तर काय क्रमाने होतं

पहिली तपासणी साधा सीटी स्कॅन, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता. काही मिनिटांत होतो आणि ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. ‘आधी एमआरआय करूया का?’ हा प्रश्न इथे वेळ खातो.

रक्त कुठे आहे त्यावर पुढचं ठरतं. लहान मेंदूत किंवा हाडाच्या जागेखाली साचलेलं असेल आणि दाब येत असेल तर पुन्हा उघडून काढतात. पाण्याची वाट अडली असेल तर मेंदूतल्या पोकळीत नळी टाकून पाणी बाहेर काढतात. कधी कधी रक्त ऑपरेशनच्या जागेपासून लांब, मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर साचतं. शस्त्रक्रियेत मेंदूभोवतीचं पाणी निघून गेल्याने वरच्या शिरा ताणल्या जातात, आणि वयस्कर माणसात हे जास्त होऊ शकतं. थोडंसं रक्त असेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीत असेल तर बीपी सांभाळून, पुन्हा सीटी करून नुसतं लक्षही ठेवतात. ‘रक्त दिसतंय आणि हे काहीच करत नाहीत’ अशी तक्रार त्या वेळी योग्य ठरेलच असं नाही.

पुन्हा ऑपरेशन म्हटल्यावर रिपोर्टचा फोटो चार ओळखीच्या डॉक्टरांना पाठवून उत्तराची वाट बघणं, ही इथली चूक. दुसरं मत घ्यायची वेळ टप्पा १ मध्ये होती.

## टप्पा ७ : घरी जाताना

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर तिथेच उभं राहून तीन गोष्टी लिहिल्यात का बघा: थांबवलेली रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेपासून सुरू करायची, दुखलं तर कोणती गोळी चालेल, आणि रात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा. पहिली गोष्ट बहुधा सुटते. मग कोणी घरी पोहोचल्याच्या संध्याकाळी इकोस्प्रिन सुरू करतं, तर कोणी स्टेंट असूनही दोन महिने घेत नाही. दोन्ही वाईट.

गाव लांब असेल, म्हणजे ऑपरेशन मुंबईत आणि घर रत्नागिरीच्या आत कुठेतरी, तर टाके निघेपर्यंत शहरात नातेवाइकांकडे राहणं चांगलं. घाटातल्या प्रवासाने रक्तस्राव होतो असं नाही, पण झाला तर सीटी आणि न्यूरोसर्जन तासाभरात मिळायला हवा. विमानप्रवास सर्जनच्या परवानगीशिवाय नको, कवटीत हवा राहिलेली असू शकते.

घरी शौचाला जोर नको, म्हणून पहिल्या दिवसापासून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं रेचक, भरपूर पाणी. भरलेली बादली, गॅस सिलिंडर, नातवंड उचलणं बंद. खाली वाकून काम नको. नाक जोरात शिंकरायचं नाही.

इशारा : चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं दुखतं म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाणं, तिथे कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि उलटीची गोळी घेऊन येणं. यात दोन नुकसान होतात. प्लेटलेटचं काम आणखी मंदावतं, आणि खूण काही तास झाकली जाते. दुखलं तर कार्डावर लिहिलेलं, बहुधा पॅरासिटामॉल. त्याने भागलं नाही तर फोन सर्जनला.

## टप्पा ८ : घरी त्रास झाला तर

उठवायला कठीण जाणं, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, चालताना एका बाजूला झोक जाणं, बोलणं जड होणं, फिट येणं. यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन. रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही.

ऑपरेशन झालेलंच हॉस्पिटल गाठायचा हट्ट धरू नका. ते पाच तासांवर असेल तर सीटी आणि न्यूरोसर्जन असलेलं जवळचं हॉस्पिटल. श्वासच बिघडला असेल तर आधी व्हेंटिलेटर असलेलं सगळ्यात जवळचं. तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य असं असावं: ‘अमुक तारखेला डाव्या कानामागून मेंदूची एमव्हीडी झाली आहे, तीन तासांपासून ग्लानी आहे, तीन उलट्या झाल्या, इकोस्प्रिन बंद आहे.’ ‘चक्कर येतेय’ एवढंच सांगितलं तर ग्लुकोजची बाटली लागते आणि सकाळ होते.

रक्तस्राव समजून घाबरवणाऱ्या, पण वेगळ्या असलेल्या दोन गोष्टी. एक, आठवड्या-दोन आठवड्यांनी अचानक चेहऱ्याची ती बाजू ढिली पडते, डोळा मिटत नाही. हात, पाय, बोलणं आणि शुद्ध ठीक असेल तर हा बहुधा नसेचा उशिरा आलेला अशक्तपणा असतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतो. तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवा आणि डोळा कोरडा पडू देऊ नका. दोन, नाकातून किंवा टाक्यांतून पाण्यासारखा द्रव येणं, घशात खारट लागणं. ते मेंदूचं पाणी असू शकतं. त्यातून जंतुसंसर्ग होतो, म्हणून दवाखाना त्याच दिवशी.

चेहरा मध्येच थोडा उडतोय, याने घाबरू नका. झटके पूर्ण थांबायला कधी कधी काही महिने लागतात.

वयस्कर रुग्ण महिन्या-दीड महिन्याने विसरायला लागला, पाय ओढायला लागला, डोकं जड म्हणू लागला, तर वय झालं म्हणून सोडू नका. मेंदूवर हळूहळू साचणारं जुनं रक्त असंच वागतं. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झालेली असेल तर ही शक्यता आणखी. सीटी करा आणि जाताना डिस्चार्जच्या वेळची सीडी बरोबर घ्या. रेडिओलॉजिस्टला नवं काय आणि जुनं काय हे दोन्ही शेजारी ठेवूनच कळतं.